अधीक्षकांचा कार्यभार घेताना

आमच्या महाविद्यालयाचे कार्यालयीन अधीक्षक ३१ मे २०२४ रोजी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाले आणि प्राचार्यांच्या आदेशाने त्यांच्या पदाचा कार्यभार माझ्याकडे आला. मी वरिष्ठ लिपिक. अधीक्षक आणि वरिष्ठ लिपिक यांच्यामध्ये मुख्य लिपिकाचे एक पद असते. ते आमच्याकडे बऱ्याच काळापासून रिक्त आहे, त्यामुळे एक पायरी वगळून हा कार्यभार थेट खाली आला. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असलेले हे अनुदानित महाविद्यालय आहे. कार्यालयात मंजूर पदे किती आणि प्रत्यक्षात खुर्चीवर माणसे किती, हा हिशेब इथे मांडत नाही. राज्यातल्या बहुतेक अनुदानित महाविद्यालयांत तो सारखाच आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी आधी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला आणि नंतर बेमुदत संप केला, तेव्हा आश्वासित प्रगती योजनेबरोबर (पदोन्नती न मिळाल्यास ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी देणारी योजना) रिक्त पदांची भरती ही मागणीही त्यात होती. त्या दिवसांत विद्यापीठांच्या परीक्षा पुढे गेल्या आणि हॉल तिकीट, बैठक व्यवस्था, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ही कामे कोणीतरी करत असते, हे अनेकांना पहिल्यांदाच कळले.

३१ मे या तारखेचे नवल आमच्या क्षेत्रात कोणाला वाटत नाही. पूर्वी शाळेत नाव घालताना घरच्यांना जन्मतारीख सांगता आली नाही, की गुरुजी १ जून लिहून टाकत. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी नियमाप्रमाणे आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. परिणामी एका पिढीचे निरोप समारंभ मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी एकदमच येतात, आणि तेही नेमके प्रवेशाच्या तोंडावर. त्या वर्षी तर बारावीचा निकाल २१ मे रोजी लागला होता, राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या पहिल्या वर्षाची नवी रचना लागू व्हायची होती, आणि त्याआधी ७ मे रोजी जिल्ह्यात लोकसभेचे मतदान असल्यामुळे कार्यालयातली निम्मी माणसे निवडणुकीच्या प्रशिक्षणाला आणि मतदान केंद्रांवर गेली होती. अधीक्षक साहेबांचे नाव निवृत्ती जवळ आल्यामुळे निवडणुकीच्या यादीतून वगळले गेले, एवढाच काय तो दिलासा.

कार्यभाराची एक यादी असते. साहेबांना त्यांच्या आधीच्या अधीक्षकांकडून मिळालेली यादी त्यांनी जपून ठेवली होती. तिच्यात तिजोरीच्या किल्ल्या, शिक्के, रोकडवही, धनादेश पुस्तके, सेवापुस्तके, जनरल रजिस्टर, टी.सी.ची पुस्तके, आवक-जावक, बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची नोंदवही), जडसंग्रह नोंदवही (टिकाऊ सामानाची), लेखापरीक्षणातले प्रलंबित आक्षेप आणि न्यायालयीन प्रकरणे अशा बाबी एकाखाली एक लिहिलेल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे ‘मिळाले’ असा शेरा होता. साहेब म्हणाले, “ताई, हे सगळं ‘मिळालं’ म्हणून मी एका दुपारी सही केली, आणि काय काय मिळालं ते पुढची अनेक वर्षं कळत गेलं. तुम्ही तसं करू नका.” म्हणून कार्यालयाची खिडकी बंद झाल्यावर रोज संध्याकाळी बसायचे, एकेक बाब कपाटातून काढून उघडून पाहायची आणि मगच तिच्यापुढे खूण करायची, असे आम्ही ठरवले. प्राचार्यांना हा सोपस्कार सुरुवातीला अनावश्यक वाटला. त्यांच्या मते आम्ही इतकी वर्षे शेजारच्या टेबलांवर काम करत होतो, मग नव्याने पाहायचे काय. शेजारी बसून दुसऱ्याचे काम दिसते, पण त्यातली जबाबदारी दिसत नाही, हे मला पहिल्याच संध्याकाळी जाणवले.

पैशांच्या बाबी लवकर उरकल्या. रोकडवहीची शिल्लक, बँकेच्या विवरणाशी ताळमेळ, वटायचे राहिलेले धनादेश, शिष्यवृत्तीची परत करायची रक्कम हे सगळे आकड्यांत असते आणि आकडा जुळतो किंवा जुळत नाही. साहेबांचे आकडे जुळत होते. वेतनाचे मात्र तसे नाही. महिन्याचे वेतन आपोआप होते असा प्राध्यापकांचा प्रामाणिक समज असतो. प्रत्यक्षात एचटीई-सेवार्थ या शासनाच्या वेतन देयकांच्या संगणक प्रणालीत प्रत्येकाच्या नावापुढे त्या महिन्यात काय बदलले ते भरावे लागते: कोण वैद्यकीय रजेवर होते, कोणाची बिनपगारी रजा आहे, सोसायटीचा हप्ता कोणाचा संपला, महागाई भत्त्याचा नवा दर कधीपासून घ्यायचा. व्यवसाय कर अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापायचा असतो. तो फरक विसरला तर वर्षाचे २,५०० भरत नाहीत. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांची भविष्य निर्वाह निधीची कपात वेगळी आणि त्यानंतर लागलेल्यांची राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेची वेगळी. साहेब पहिल्या, म्हणजे जुन्या पेन्शनच्या गटातले, मी दुसऱ्या. देयक तयार करताना ही रेघ दर महिन्याला डोळ्यांसमोरून जाते, आणि तिच्याबद्दल आमच्यात इतक्या वेळा बोलून झाले आहे की त्या संध्याकाळी आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही.

जनरल रजिस्टरला मात्र वेळ दिला. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षापासूनची ही जाडजूड पुस्तके आहेत. सुरुवातीच्या खंडांतली शाई तपकिरी झाली आहे आणि अक्षर इतके वळणदार आहे की त्या वेळच्या लिपिकाला हस्ताक्षर पाहूनच घेतले असावे. विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात, आधीचे महाविद्यालय किंवा शाळा, प्रवेशाची आणि सोडल्याची तारीख एवढेच त्यात असते. पण जात पडताळणी समितीपुढे उतारा लागला, परदेशी गेलेल्या माजी विद्यार्थ्याची पदवी पडताळायची झाली, किंवा वडिलांच्या नावातली वेलांटी चुकली म्हणून कोणाचा पासपोर्ट अडला, की सगळे याच पुस्तकाशी येऊन थांबतात. साहेबांनी मला एक शिस्त घालून दिली: या पुस्तकात खाडाखोड कधीही करायची नाही. दुरुस्ती करायची तर मूळ नोंद वाचता येईल अशी एकच रेघ मारून वर लाल शाईने लिहायचे, ज्या आदेशाने दुरुस्ती केली त्याचा क्रमांक आणि दिनांक समासात द्यायचा आणि प्राचार्यांची लघुस्वाक्षरी घ्यायची. समोरचा कितीही ओळखीचा असला, संस्थेच्या कोणा पदाधिकाऱ्याचा फोन आला, तरी कागदाशिवाय नोंद बदलायची नाही. असे फोन त्यांना आले होते. कोणाचे, ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

खरी कसोटी सेवापुस्तकांनी घेतली. साहेबांच्या स्वतःच्या निवृत्तिवेतनाचे प्रकरण त्यांनी मुदतीच्या आधीच पाठवले होते आणि ते निर्दोष होते. “दुसऱ्याचं राहिलं तर शिव्या खाव्या लागतात, आपलं राहिलं तर घरी बसून खावं काय हा प्रश्न पडतो,” असे ते म्हणत. अडचण प्रयोगशाळेतल्या मामांची निघाली. मामा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर. चतुर्थ श्रेणी कर्मचारी साठाव्या वर्षी निवृत्त होतात, त्यामुळे त्यांची निवृत्ती ३० नोव्हेंबर २०२४ ला होती आणि सहा महिने आधी प्रस्ताव पाठवायचा म्हटले तर तो मे अखेरीस तयार हवा होता. सेवापुस्तकाचे पहिले पान नीट होते: छायाचित्र, ओळखीची खूण, बोटांचे ठसे, सगळे जागच्या जागी. वेतननिश्चितीच्या नोंदी होत्या, वारसाचे नामनिर्देशन होते. परंतु दरवर्षी कार्यालयप्रमुखाने कर्मचाऱ्याची सेवा पडताळल्याचा जो दाखला लिहायचा असतो, तो १९९० च्या दशकातल्या सलग दोन वर्षांना नव्हता. पान कोरे होते. त्या काळात कार्यालयात माणसे बदलली होती. जाणाऱ्याने येणाऱ्यावर सोडले असावे आणि येणाऱ्याने ते झाले असेल असे धरले असावे. मामा तर त्या दोन वर्षांत रोज कामावर होते. पण शासनाच्या दृष्टीने ज्या सेवेचा पुरावा नाही ती सेवा अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी) ठरत नाही, आणि निवृत्तिवेतनाचा हिशेब अर्हताकारी सेवेवरच चालतो.

यावर उपाय असतो. त्या काळातल्या वेतन देयकांच्या कार्यालयीन प्रती शोधायच्या, त्यांत त्या कर्मचाऱ्याचे नाव आणि वेतन घेतल्याची सही दाखवायची आणि ‘वेतन देयकांवरून सेवा पडताळली’ असा दाखला आता लिहायचा. प्रती होत्या, पण कुठे? जिमखान्याच्या मागच्या खोलीत जुने दप्तर लाल रुमालांत बांधून ठेवलेले आहे. तिथे गेल्या पावसाळ्यात वाळवी लागली होती आणि फवारणी झाल्यापासून तिकडे कोणी फिरकले नव्हते. मामा स्वतः शिडी घेऊन आले. गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या उंदरांनी कुरतडल्यामुळे वर्ष बाहेरून कळत नव्हते. प्रत्येक गाठ सोडून आतला कागद पाहावा लागत होता. एका गठ्ठ्याचा कोपरा वाळवीने खाल्ला होता, मात्र आकड्यांचे रकाने आणि सह्या शाबूत होत्या. रेव्हेन्यू तिकिटावर आडवी पडलेली मामांची सही त्यांनी स्वतःच ओळखली. तेव्हा त्यांना जेमतेम सही येत होती आणि नावातला शेवटचा ‘ळ’ ते उलटा काढत; बारा-बारा महिन्यांच्या देयकांवर तो तसाच उलटा होता. माझे लक्ष रकान्यांकडे आणि त्यांचे त्या वेळच्या पगाराच्या आकड्याकडे. “एवढ्यात दोन पोरींची लग्नं केली,” असे म्हणून ते पुढचा गठ्ठा उचलायला गेले.

देयकांच्या साक्षांकित प्रती जोडून दाखला लिहिला, साहेबांनी तो तपासला आणि प्राचार्यांची सही आपल्या कार्यकाळातच करून घेतली. प्रस्ताव विभागीय सहसंचालक कार्यालयात गेला आणि तिथून पुढे मुंबईला महालेखापाल कार्यालयात. मध्ये एकदा त्रुटी निघाली, ती वेगळीच: सेवापुस्तकात पत्नीचे नाव माहेरच्या वळणाने लिहिलेले आणि आधार कार्डावर सासरचे. नातेसंबंधाचे प्रतिज्ञापत्र आणि नवा संयुक्त फोटो देऊन ती मिटली. सेवा पडताळणीवर कोणी बोट ठेवले नाही. निवृत्तिवेतन प्रदान आदेश आला तेव्हा मामा निवृत्त होऊन गेले होते, परंतु फार ताटकळावे लागले नाही.

जडसंग्रह नोंदवहीची पडताळणी करताना थोडी करमणूक झाली. नोंदवहीत एक सायक्लोस्टाइल यंत्र आणि दोन मराठी टंकलेखन यंत्रे होती. यंत्र सापडले, एक टंकलेखन यंत्रही सापडले. दुसरे कुठे गेले ते कोणालाच आठवेना. शेवटी ते नाट्यमंडळाकडे सापडले. गेल्या कित्येक स्नेहसंमेलनांत ते ‘कचेरीचा प्रवेश’ असला की रंगमंचावर जात होते. निर्लेखनाचा, म्हणजे नोंदवहीतून वस्तू कमी करण्याचा, प्रस्ताव केल्याशिवाय भंगारातही काढता येत नाही, म्हणून आज ते नोंदवहीत आहे, कपाटावर आहे आणि अधूनमधून नाटकातही आहे.

जुन्या यादीत नसलेली, पण आज सगळ्यांत जोखमीची बाब आम्हाला उशिरा सुचली. ती म्हणजे साहेबांचा मोबाइल क्रमांक. गेल्या दहा-बारा वर्षांत जे जे काम संगणकावर गेले, त्याची नोंदणी करताना कोणाचा तरी क्रमांक द्यावा लागला आणि प्रत्येक वेळी साहेबांनी आपला दिला. सेवार्थ, महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरची शिष्यवृत्तीची लिपिकस्तरावरची पडताळणी, उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणाचे पोर्टल, प्राप्तिकराच्या कपातीचे त्रैमासिक विवरण, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकचे संकेतस्थळ, सरकारी खरेदीचे जेम पोर्टल, अगदी महाविद्यालयाचे वीजबिलसुद्धा, सगळ्यांचे ओटीपी एका माणसाच्या सदऱ्याच्या खिशात येत होते. क्रमांक बदलायचा तर काही ठिकाणी प्राचार्यांच्या सहीचे पत्र पुरते, काही ठिकाणी जुन्या क्रमांकावर आलेला ओटीपी टाकल्याशिवाय नवा स्वीकारलाच जात नाही, आणि काही ठिकाणी वरच्या कार्यालयाने त्यांच्या बाजूने बदल केल्यावरच होते. ३१ मेपर्यंत निम्मे बदल झाले. उरलेल्यांसाठी मी जून-जुलैभर निवृत्त माणसाला फोन करत राहिले. त्यांनी एकदाही नाराजी दाखवली नाही, पण जुलैत ते माउलींच्या पालखीबरोबर वारीला निघाले आणि आमचे शिष्यवृत्तीचे अर्ज लोणंद-फलटणच्या वाटेवर अवलंबून राहिले. टाळांच्या गजरात त्यांना आकडे ऐकू येत नसत; ते दिंडीतून बाजूला होऊन रस्त्याकडेच्या झाडाखाली उभे राहत आणि सहा आकडे मोठ्याने सांगत, तोवर त्यांची मुदत संपलेली असे आणि पुन्हा नवा ओटीपी मागवावा लागे. तसे पाहता शिष्यवृत्ती ज्यांची अडली होती, त्या मुलांच्या घरचीही माणसे त्याच वारीत असतील.

यानंतर मी प्राचार्यांकडे टिपणी सादर केली की महाविद्यालयाच्या नावाने सिम कार्ड घेऊन ते एका साध्या फोनमध्ये कार्यालयातच ठेवावे आणि सर्व पोर्टलांवर तोच क्रमांक द्यावा. ती मंजूर झाली. तो फोन आता माझ्या टेबलाच्या खणात असतो, त्याच्या चार्जरसकट कार्यभाराच्या यादीत त्याची नोंद आहे आणि कोणत्या पोर्टलवर तो कोणत्या तारखेला नोंदवला याचा तक्ता खणाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. परवलीचे शब्द तक्त्यात लिहू नयेत एवढे भान ठेवले आहे. ते बंद लिफाफ्यात प्राचार्यांच्या तिजोरीत आहेत.

यादीबाहेरच्या आणखी गोष्टी मी साहेबांना सांगायला लावून लिहून घेतल्या. सीबीएसईकडून आलेल्या विद्यार्थ्याचे स्थलांतर प्रमाणपत्र प्रवेशाच्याच वेळी मागायचे, नाहीतर पात्रता अडते, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) मिळत नाही आणि परीक्षा अर्जाच्या शेवटच्या दिवशी पालक खिडकीशी उभे राहतात. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या तासांचा तपशील विभागप्रमुखांकडून महिन्याच्या महिन्याला सहीनिशी घ्यायचा, कारण तीन महिन्यांचा एकदम घेतला तर वेळापत्रक आणि सुट्ट्या यांच्याशी तो कधीच जुळत नाही. आधीच त्यांचे मानधन उशिरा येते, त्यात आपल्या कागदाने भर घालायची नाही. प्राप्तिकराच्या सवलतीची कागदपत्रे डिसेंबरमध्येच मागवायची, कारण फेब्रुवारीत मागितली तर प्रत्येक जण विम्याची पावती शोधायला घरी जातो. अमुक कागद कोणत्या टेबलावर विचारायचा, कोणत्या प्रस्तावाबरोबर कोणती तपाससूची मूळ प्रतीत लागते, बिंदुनामावली तपासायला नेताना मागील सर्व तपासण्यांच्या प्रती का न्यायच्या, हे कुठल्याही परिपत्रकात सलग लिहिलेले नाही. साहेब बोलत गेले आणि मी जुन्या हजेरीपत्रकाच्या कोऱ्या पानांवर महिनावार मांडत गेले. पुढे कनिष्ठ लिपिकाने ते टंकलिखित केले. तो करार पद्धतीवरचा मुलगा आहे. आपला करार पुढे वाढेल की नाही हे त्याला दर वेळी शेवटच्या आठवड्यात कळते, आणि तरी ‘पुढील वर्षासाठी’ या मथळ्याखालची सर्व कामे त्याने बिनचूक मांडली.

नव्या रचनेतल्या प्रवेशांबद्दल थोडे सांगायला हवे, कारण कार्यभाराचा पहिला महिना त्यातच गेला. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले ऐच्छिक, कौशल्याधारित अशा टोपल्यांतून विषय निवडायचे होते. विद्यार्थ्यांना ते समजावणे प्राध्यापकांचे काम होते, आणि त्यांनी ते केलेही. पण निवडलेला संच प्रणालीत बसतो की नाही, त्या विषयाची तुकडी भरली का, आणि शुल्काची पावती कोणत्या शीर्षांत फोडायची हे प्रश्न खिडकीवरच यायचे. एका मुलीने निवडलेली जोडी प्रणाली घेईना. मी विभागप्रमुखांकडे गेले, ते समन्वयकांकडे गेले, आणि तोडगा अखेर ग्रंथालय परिचरांनी सांगितला, कारण त्यांच्या मुलीने शेजारच्या महाविद्यालयात तोच संच घेतला होता.

कार्यभाराच्या यादीवर आम्ही दोघांनी ३१ मे रोजी दुपारी सह्या केल्या. तिच्यात ‘मिळाले’ या शेऱ्याबरोबर ‘पाहिले’ असा एक रकाना मी वाढवला होता, आणि काही बाबींपुढे तो रकाना मोकळा ठेवून कारण लिहिले होते. साहेबांनी त्याला हरकत घेतली नाही. त्यानंतर अधीक्षकपद पदोन्नतीने भरण्याचा प्रस्ताव तयार झाला असून तो बिंदुनामावलीच्या तपासणीत आहे. तोवर माझ्या सहीखाली ‘प्रभारी’ लिहिले जाते. वरिष्ठ लिपिकाचे टेबलही माझ्याकडेच असल्यामुळे मी एका टेबलावर टिपणी लिहिते, ती ‘मा. कार्यालयीन अधीक्षक यांना सादर’ करते, दुसऱ्या टेबलावर बसून ती तपासते, एखादा कागद कमी असला तर त्रुटी काढून स्वतःलाच परत पाठवते आणि पूर्तता झाली की ‘मान्यतेस्तव सादर’ असे लिहून प्राचार्यांकडे पुढे करते.